हवामान कृती आराखडा तयार आहे, पैसा कुठून आणायचा?

दीड लाख लोकवस्तीच्या एका नगरपरिषदेच्या लेखा विभागाचा प्रश्न थोडक्यात असा: हवामान कृती आराखडा तयार झाला आहे. त्यात ६२ कोटींची कामं आहेत: पाणीपुरवठ्याचे पंप बदलणं, सौर प्रकल्प, एलईडी पथदिवे, ओल्या कचऱ्यापासून गॅस, नाल्यांचं रुंदीकरण, पूरसंरक्षक भिंत, तलाव आणि वृक्षलागवड. नगरपरिषदेचं स्वतःचं वार्षिक उत्पन्न २८ कोटी. सल्लागार म्हणतात, ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून पैसे उभारायचे कर्जरोखे) काढा. काढावेत का? नाही तर सुरुवात कुठून करायची?

आत्ता बाँड काढू नका. त्याची कारणं पुढे सविस्तर देतो, पण आधी तुमची यादी नव्याने मांडायला हवी. आराखड्यात कामं विषयवार असतात: ऊर्जा, पाणी, कचरा, हरित क्षेत्र. त्या मांडणीचा कर्ज देणाऱ्याला काहीही उपयोग नाही. तीच यादी परत लिहा आणि प्रत्येक कामापुढे एकच रकाना ठेवा: पैसे परत कोण देणार? यादीचे आपोआप तीन गठ्ठे पडतील. पहिल्यात आज तुमच्या तिजोरीतून जाणारा खर्च कमी करणारी कामं. दुसऱ्यात अशी कामं, ज्यांच्या मालाला बाहेरचा कोणी गिऱ्हाईक पैसे मोजेल. तिसऱ्यात लोकांचा जीव आणि घरदार वाचवणारी, पण एक रुपयाही परत न आणणारी कामं. पहिल्या गठ्ठ्याला कर्ज, दुसऱ्याला करार, तिसऱ्याला अनुदान. नगरपालिकांचे बहुतेक प्रस्ताव पडून राहतात ते हे तिन्ही गठ्ठे एकाच डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) बांधल्यामुळे. बँक पूरभिंत बघून नाही म्हणते आणि अनुदान देणारा विभाग पंप बघून म्हणतो, हे तुम्ही कर्जातून करा.

पहिल्या गठ्ठ्यात पाणीपुरवठ्याचे पंप सगळ्यात वर ठेवा. तुमच्या आकाराच्या गावात जॅकवेल (स्रोतातून पाणी उपसायची विहीर) आणि जलशुद्धीकरण केंद्राचं वीजबिल हा पगाराखालोखालचा खर्च असतो आणि तो दर महिन्याला होतो. पंप खराब आहे की चांगला, हे नावाच्या पट्टीवरून किंवा ऑपरेटरच्या अंदाजावरून ठरवू नका, मोजा. तीन आकडे लागतात: ताशी किती घनमीटर पाणी जातं, किती मीटर उंचीच्या दाबाने जातं आणि त्या वेळी मोटर किती किलोवॅट वीज ओढते. प्रवाह आणि उंची यांचा गुणाकार करून ३६७ ने भागलं की पाण्याला खरोखर मिळालेली शक्ती किलोवॅटमध्ये निघते. समजा प्रवाह ताशी ५०० घनमीटर, उंची ६० मीटर. ५०० गुणिले ६० भागिले ३६७, म्हणजे ८१.७ किलोवॅट. मोटर १५० किलोवॅट ओढत असेल तर पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता साडेचोपन्न टक्के झाली. नीट निवडलेला नवा संच ७२ टक्के सहज देतो, म्हणजे त्याच पाण्याला साधारण ११३.५ किलोवॅट पुरतात. दिवसाला २० तास पंपिंग धरलं तर वर्षाला सुमारे २ लाख ६६ हजार युनिट वाचतात. सगळी शुल्कं धरून युनिटला ८ रुपये पडत असतील तर २१ लाख रुपये. पंप, मोटर, पॅनेल आणि व्हॉल्व्ह मिळून ६५ लाख लागले तरी तीन वर्षांच्या थोडं पुढेमागे पैसे वसूल होतात.

मोजमापात चूक कुठे होते तेही बघून ठेवा. पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर सरळ पाइपवरच बसवावा लागतो. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबी तरी बेंड किंवा व्हॉल्व्हविना हवी. जुन्या बीडाच्या पाइपात आतून थर साचलेला असतो. तिथे भिंतीची जाडी न मोजता मीटर लावला तर आकडा भलताच येतो. डिलिव्हरीवरचा प्रेशर गेज बहुतेक ठिकाणी बंद पडलेला किंवा अडकलेला असतो, म्हणून नवा, तपासून घेतलेला गेज सोबत न्या. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंची, आणि विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून गेजच्या मध्यापर्यंतचं अंतर त्यात वेगळं मिळवायचं. दाब व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना मोजा, हे विसरू नका. गरजेपेक्षा जास्त हेडचा (जास्त उंचीवर पाणी चढवणारा) पंप घेतलेला असला की मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होते. मग ऑपरेटर व्हॉल्व्ह आवळून तो चालवतो. व्हॉल्व्हच्या अलीकडे दाब मोजला तर पंप उत्तम दिसतो आणि आवळलेल्या व्हॉल्व्हवर वर्षानुवर्षं जळणारी वीज कोणाच्याच हिशोबात येत नाही.

आता लेखा विभागाचं काम. बचत दाखवताना 'बिल इतकं कमी होईल' असं लिहू नका. नवा पंप बसला की पाणी वाढतं, नळाचा वेळ वाढतो आणि बिल जिथल्या तिथे राहतं. मग ठेकेदार म्हणतो बचत झाली, लेखापरीक्षक म्हणतो दाखवा. एकक बदला: एक हजार लिटर पाण्यामागे किती युनिट. वरच्या उदाहरणात ०.३० वरून ०.२३ च्या आत. करारात हाच आकडा आणि तो मोजण्याची पद्धत घाला. नवा संच चालू झाला की महावितरणकडे करारित मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार याचा ठरलेला आकडा) कमी करण्याचा अर्ज लगेच द्या, नाही तर युनिट कमी होऊनही या मागणीचं (डिमांडचं) शुल्क पूर्वीसारखंच येत राहतो. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा) खराब असेल तर त्याचा दंड वेगळा दिसत नाही, तो युनिटमध्येच मुरतो. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल बंद पडलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. त्याला कर्जही लागत नाही.

आणि एक गोष्ट आधीच तपासा, कारण तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे: तुम्ही वीजबिल खरंच भरता का? पाणीपुरवठ्याची बिलं थकलेली असतील किंवा परस्पर शासकीय अनुदानातून वळती होत असतील, तर वाचलेली वीज तुमच्या हातात रोख पैसा म्हणून येत नाही. कागदावर २१ लाख, बँकेत शून्य. मागच्या ३६ महिन्यांची बिलं आणि त्यासमोर प्रत्यक्ष भरणा, असा तक्ता काढा. भरणा नियमित नसेल तर थकबाकीचे हप्ते पाडून घेणं हे पहिलं काम, बाकी सगळं त्यानंतर.

सौर प्रकल्प याच गठ्ठ्यात, पण पंपांनंतर. उलट क्रमाने केलं तर खराब पंपाला पुरेल एवढी पॅनेल विकत घेऊन बसाल. महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेलमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा आणि एक मेगावॅटला चार ते पाच एकर जागा. जागेचा सात-बारा, ताबा, आरक्षण आणि उपकेंद्रापर्यंतच्या वाहिनीचं अंतर आधी बघा. सौर प्रस्ताव तंत्रापेक्षा जागेवरच जास्त अडतात.

पथदिव्यांबद्दल थोडक्यात. एलईडीने वीज निम्म्याहून कमी लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पैसा बुडतो तो दोन ठिकाणी. मोजणीत: खांब ९,००० लिहिलेले, प्रत्यक्षात चालू दिवे ६,५००. आणि मीटरमध्ये: काही जोडण्यांना मीटरच नसतो, बिल जोडभारावर (जोडलेल्या दिव्यांच्या एकूण वॅटवर) येतं. तिथे दिवे बदलून जोडभार कमी करून घेतला नाही तर बचत महावितरणच्या खात्यात राहते. दिव्यांची गणना खांबनिहाय, अक्षांश-रेखांशासह आणि रात्री करून घ्या.

दुसऱ्या गठ्ठ्यात शहराला हवामान बदलाच्या कामाची खरी ताकद मिळते, असं माझं मत आहे, आणि आपल्याकडे त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. नागपूरचं उदाहरण समोर आहे: भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. आधी गिऱ्हाईक पक्का, मग प्रकल्प. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर ते पाणी वापरणं केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने बंधनकारक केलं आहे. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे ग्रीन बाँड ८.१ टक्क्यांनी काढले, तेही साहिबाबादच्या कारखान्यांना प्रक्रिया केलेलं पाणी विकण्यासाठीच. तुमच्या जवळ एमआयडीसी, साखर कारखाना, काँक्रीट मिक्सिंग प्लांट किंवा रेल्वेचं धुलाई यार्ड असेल तर डीपीआरवर एक रुपया खर्च करण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या: रोज किती पाणी, कोणत्या गुणवत्तेचं, कोणत्या दराने, किती वर्षं, आणि उचललं नाही तरी किमान किती पैसे देणार. शेवटचं कलम नसेल तर त्या कागदावर कर्ज मिळत नाही. चांगला पाऊस पडला की कारखाना तुमचं पाणी बंद करून नदीतून उचलतो, हे बँकेला माहीत असतं.

ओल्या कचऱ्याच्या गॅसला हाच नियम, पण इथे धोका कच्च्या मालाचा आहे. इंदूरचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा आणि सुमारे १७ टन गॅस. म्हणजे टनामागे ३१ किलो, तेही वर्गीकरण काटेकोर असलेल्या शहरात. तुमच्या प्रस्तावात टनामागे ५० किलो लिहिलं असेल तर पुरवठादाराला कारण विचारा. लोकसंख्येला दरडोई कचऱ्याने गुणून क्षमता ठरवू नका. वर्गीकृत ओला कचरा काट्यावर सलग तीस दिवस वजन करून घ्या, सणासुदीचे दिवस वेगळे धरून. दीड लाखाच्या गावात कागदावर ३० टन आणि काट्यावर १२ टन निघणं मुळीच नवलाचं नाही. अर्धा उपाशी डायजेस्टर (कचरा कुजवून गॅस बनवणारी टाकी) अर्धा गॅसही देत नाही, आणि कर्मचाऱ्यांचा पगार मात्र पूर्ण लागतो.

तिसरा गठ्ठा: नाले, पूरभिंत, तलाव, उष्णतेपासून निवारा, झाडं. यांच्यासाठी कर्ज घेऊ नका. ही कामं कमी महत्त्वाची आहेत म्हणून नव्हे. नाल्याकाठच्या वस्तीला तुमच्या आराखड्यात सगळ्यात जास्त गरज कशाची असेल तर याचीच. पण परतफेड नसलेल्या कामाचं कर्ज पाच वर्षांनी सफाई आणि पाण्याच्या खर्चातूनच फेडलं जातं, आणि ती झळ त्याच वस्तीला बसते. इथे राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी, अमृत या केंद्राच्या शहरी पाणी-सांडपाणी योजनेतला जलस्रोतांचा भाग, जिल्हा नियोजन समिती आणि वित्त आयोग हे मार्ग. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी शहरी पुराला २,५०० कोटी ठेवले, पण ते सात मोठ्या शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकाता प्रत्येकी ५०० कोटी, पुणे, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद प्रत्येकी २५० कोटी. मध्यम गावांना असा नावानिशी वाटा मिळत नाही, म्हणून तुमचा कागद मजबूत हवा. मागच्या दहा वर्षांत कोणत्या तारखेला, कोणत्या गल्लीत, किती फूट पाणी आलं, पंचनामे किती, मदत किती वाटली. सौम्यीकरणाचा प्रस्ताव मंजूर होतो तो या तक्त्यावर. तापमानवाढीच्या प्रस्तावनेची पानं कोणी वाचत नाही.

अनुदानात स्वहिस्सा, म्हणजे तुम्ही स्वतः घालायचा वाटा, विसरू नका. अमृत २.० मध्ये एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला केंद्राचा वाटा एक तृतीयांश आहे, एक लाखाखाली तो ५० टक्के. उरलेलं राज्य आणि तुम्ही. पाच योजनांतून एकदम अनुदान मंजूर झालं आणि प्रत्येकात स्वहिस्सा भरायचा आहे, या परिस्थितीत गावं अडकतात. पंप आणि दिव्यांतून वाचलेल्या पैशातला काही भाग स्वहिस्सा निधी म्हणून सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वेगळा ठेवा. पहिला गठ्ठा तिसऱ्याला असा हात देतो, आणि याच कारणासाठी तो आधी करायचा.

आता कर्जाची रचना. समजा पंप, दिवे आणि थोडं सौर मिळून ५ कोटींचं पॅकेज झालं. ९ टक्के, दहा वर्षं धरली तर वर्षाचा हप्ता सुमारे ७८ लाख येतो. मोजून सिद्ध केलेली बचत १ कोटी ५ लाख असेल तर हप्त्याच्या १.३५ पट. १.२ च्या खाली असेल तर कामं कमी करा, मुदत ताणू नका; पंपाचं आयुष्य संपल्यावर त्याचा हप्ता भरत बसणं वाईट. मोजलेल्या बचतीतून आधीच पंधरा टक्के वजा करूनच प्रस्तावात लिहा. कर्जासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी लागते. मंजुरीला महिने लागतात, म्हणून ती प्रक्रिया ऊर्जा लेखापरीक्षणाचा अहवाल हातात येताच सुरू करा, निविदेनंतर नव्हे. हुडको (केंद्राची गृहनिर्माण व नगरविकास वित्तसंस्था), सरकारी बँका, आणि राज्यामार्फत येणारा राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा नागरी पायाभूत सुविधा विकास निधी हे दारं ठोठावण्याजोगे पर्याय. हा निधी दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठीच आहे आणि त्याचा व्याजदर बँक दरापेक्षा दीड टक्का कमी आहे.

एस्क्रो खातं हा कर्जाचा प्राण. मालमत्ता कर किंवा पाणीपट्टी आधी एस्क्रोमध्ये जमा होते, तिथून हप्त्याचा भाग वेगळा होतो, उरलेलं नगरपरिषदेच्या खात्यात येतं. हे महिनावार करा. आपल्याकडे घरपट्टी मार्चमध्ये धो धो येते आणि पावसाळ्यात कोरडी असते. हप्ता सप्टेंबरमध्ये असेल तर मार्चचा पैसा तोवर पगारात विरघळलेला असतो. तामिळनाडूने यावर सुरेख तोड काढली: प्रत्येक गावाने वर्षाच्या देण्याचा नववा हिस्सा दर महिन्याला बाजूला टाकायचा. नऊ महिन्यांत वर्षाचं देणं जमा, तीन महिने हाताशी.

आता बाँडचं. २००२ मध्ये तामिळनाडूत १३ लहान नागरी संस्थांनी स्वतंत्र बाँड न काढता राज्याच्या जल व स्वच्छता संयुक्त निधीमार्फत ३०.४१ कोटींचे एकत्रित रोखे काढले, १५ वर्षांचे, ९.२ टक्क्यांचे. खाली एस्क्रो, त्याखाली राज्याने भरलेला राखीव निधी, त्याखाली गावाचं राज्याकडून येणारं अनुदान अडवण्याची तरतूद, आणि वर मुद्दलाच्या निम्म्या रकमेला अमेरिकी मदत संस्थेची हमी. २००५ मध्ये बंगळूरभोवतालच्या आठ शहरांनी तसेच १०० कोटी उभे केले. लहान गावांचा मार्ग हा आहे. एकट्याने बाँड काढायचा तर पतमानांकन, मर्चंट बँकर, विश्वस्त, कायदेशीर तपासणी, नोंदणी आणि ग्रीन शिक्क्यासाठी त्रयस्थ परीक्षक, हा खर्च १० कोटींना जवळपास तितकाच येतो जितका १०० कोटींना. प्रोत्साहनही त्याच मापाचं: पहिल्या बाँडला दर १०० कोटींमागे केंद्राकडून १३ कोटी, आणि नंतरच्या ग्रीन बाँडला १० कोटी.

मोठी शहरं हे पेलतात. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड ८.२५ टक्क्यांनी थेट लोकांना विकले, जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. तिथून नर्मदेचं पाणी शहरात आणायचं वीजबिल महापालिका आधीपासूनच भरत होती. तेच बिल परतफेडीचा झरा झालं. म्हणजे इंदूरनेही पहिल्या गठ्ठ्यावरच बाँड काढला, फक्त गठ्ठा मोठा होता. पिंपरी-चिंचवडनेही २०२५ मध्ये २०० कोटींचे ग्रीन बाँड काढले. त्यांच्या आकड्यांशी तुमची तुलना करणाऱ्या सल्लागाराला मालमत्ता कराचे आकडे शेजारी शेजारी ठेवायला सांगा.

बाँड असो वा कर्ज, रक्कम निविदेच्या आधी उचलू नका. १०० कोटी ८ टक्क्यांनी घेतले आणि काम सुरू न झाल्याने साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर वर्षाला दीड कोटी नुसतं बसून जातात.

कार्बन क्रेडिटबद्दल (टाळलेल्या उत्सर्जनाची नोंद करून ती विकण्याबद्दल) विचारणा होईल म्हणून सांगतो. वरच्या एका पंपाची बचत २६६ मेगावॅट-तास; ग्रिडच्या मेगावॅट-तासामागे ०.७ टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास धरलं तर वर्षाला १९० टन. टनाला ५०० रुपये मिळाले तरी ९५ हजार. नोंदणी आणि पडताळणीचा खर्च त्याहून जास्त. राज्याने शंभर गावांची बचत एकत्र नोंदवली तर गोष्ट वेगळी. तोवर हा आकडा परतफेडीच्या तक्त्यात घालू नका, आणि सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा) पैसाही नको. सीएसआर मिळत असेल तर तो ऊर्जा लेखापरीक्षणाला आणि पूरनोंदींच्या नकाशाला लावा. या कामांना सरकारी शीर्षक सापडत नाही आणि खर्च काही लाखांतच भागतो.

पुढच्या तीन महिन्यांत करायचं ते एवढंच: ३६ महिन्यांची बिलं आणि भरणा यांचा तक्ता, सगळ्या पंपांची मोजणी, रात्रीची खांबगणना, काट्यावरचं तीस दिवसांचं वजन, पाणी विकत घेऊ शकणाऱ्या दोन कारखान्यांशी बोलणी, आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. दुहेरी नोंद पद्धतीचे ताळेबंद मागे पडले असतील तर सनदी लेखापाल आजच नेमा. चतुर्थवार्षिक कर आकारणी लांबली असेल तर तिचं वेळापत्रक सभेपुढे ठेवा. बँकेचा अधिकारी फाइल उघडतो तेव्हा आधी घरपट्टीची मागणी, वसुली आणि थकबाकी बघतो, त्यानंतर पंपाकडे वळतो.